एकेरीच्या मापाने दुहेरी मोजू नये

व्यावसायिक टेनिसमधल्या पुरुष दुहेरीविषयी एक मत इतके रुळले आहे की ते मांडणारा पुरावा देत नाही आणि ऐकणारा मागत नाही. एकेरीत ज्यांचे जमले नाही ते दुहेरीत जातात. एकेरीतल्या अव्वल खेळाडूंनी मनावर घेतले तर ते या मंडळींना सहज हरवतील. चाळिशी ओलांडलेले खेळाडू जिथे अजिंक्य ठरतात तो खेळ सोपाच असणार. शिवाय प्रेक्षक तो पाहत नाहीत. म्हणून स्पर्धांनी दुहेरीचा पसारा आवरावा आणि वाचलेला पैसा एकेरीकडे वळवावा. समालोचक हेच सौम्य शब्दांत सांगतात, आयोजक हिशेबाच्या भाषेत सांगतात. आपल्याकडे त्याला आणखी एक पुस्ती जोडली जाते: भारताची दुहेरीतली विजेतेपदे म्हणजे एकेरीतल्या अपयशावर घातलेले पांघरूण.

हे मत मला मुळापासून चुकीचे वाटते. पण पूर्वपक्ष दुबळा करून मांडायचा आणि मग तो पाडल्याचा आनंद मानायचा, ही वादाची रीत नव्हे. म्हणून आधी त्याची बाजू जितकी भक्कम होईल तितकी करू.

जॉन मॅकेन्रो हा पूर्वपक्षाचा सर्वांत मोठा साक्षीदार. एकेरी आणि दुहेरी या दोन्हींत जागतिक क्रमवारीत पहिला क्रमांक मिळवणारे पुरुष खेळाडू दोनच, मॅकेन्रो आणि स्टीफन एडबर्ग. पीटर फ्लेमिंगच्या साथीने मॅकेन्रोने विम्बल्डनची चार आणि अमेरिकन ओपनची तीन दुहेरी विजेतेपदे जिंकली. जगातली सर्वोत्तम जोडी म्हणजे मॅकेन्रो आणि दुसरा कोणीही, असे खुद्द फ्लेमिंगच म्हणत असे. दुसरा साक्षीदार २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमधला. रॉजर फेडरर आणि स्टॅन वावरिंका यांनी उपांत्य फेरीत बॉब आणि माइक ब्रायन या अमेरिकन जुळ्या भावांना हरवले आणि पुढे सुवर्णपदक घेतले. तिसरा २०२२चा. निक किर्गिऑस आणि थनासी कोकिनाकिस वाइल्ड कार्डवर ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये उतरले आणि थेट चषक घेऊन गेले. दुहेरीतल्या बहुसंख्य खेळाडूंनी आधी एकेरीत नशीब आजमावलेले असते आणि तिथे पोट भरेना म्हणून ते इकडे वळतात, हेही खरे आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही.

आता या मताचा कणा असलेला हेतू तपासू. एकेरीत श्रेष्ठ तो दुहेरीतही श्रेष्ठ, अशी व्याप्ती इथे गृहीत धरली आहे. ती खरी असेल तर तिला अपवाद सापडता कामा नयेत. निदान मोठ्या मैदानावर, महत्त्वाच्या दिवशी तरी नाहीत. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमधला एकच आठवडा पाहा. २७ जुलैला ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू एब्डन ऐन वेळी बदली खेळाडू म्हणून एकेरीत उतरला. एकेरी त्याने जवळजवळ सोडूनच दिली होती. समोर नोव्हाक जोकोविच. निकाल ६-०, ६-१. पूर्वपक्षाला इथे आयता पुरावा मिळाल्यासारखे वाटेल. पण त्यानंतर आठवडाभरातच, ३ ऑगस्टला, याच एब्डनने जॉन पीअर्सच्या साथीने दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. आणि ज्याने त्याला एकेरीत एकच गेम घेऊ दिला त्या जोकोविचच्या नावावर चोवीस ग्रँडस्लॅम असताना मुख्य दौऱ्यावरचे दुहेरीचे विजेतेपद एकच आहे: २०१०चे क्वीन्स क्लबचे, जोनाथन एर्लिचच्या साथीने.

याच ऑलिंपिकमध्ये राफेल नदाल आणि कार्लोस अल्काराझ एकत्र खेळले. नदाल म्हणजे त्या मातीचा राजा, चौदा वेळचा फ्रेंच विजेता. अल्काराझ त्याच वर्षीचा फ्रेंच आणि विम्बल्डनचा विजेता. कोर्टही तेच, फिलिप शात्रिये. सारे जग पाहत होते. या दोघांनी पहिल्या दोन फेऱ्या जिंकल्या आणि उपांत्यपूर्व फेरीत ऑस्टिन क्राइचेक आणि राजीव राम यांच्याकडून ६-२, ६-४ असे हरले. राम तेव्हा चाळीस वर्षांचा होता. त्या काळातली सर्वांत उजवी म्हणावी अशी दोन नावे एका बाजूला आणि रस्त्यात कोणी ओळखणार नाही अशी दोन माणसे दुसऱ्या बाजूला. तरी सामना दोन सेटमध्ये संपला. पुढच्या वर्षी अमेरिकन ओपनने मिश्र दुहेरीचा कायापालट केला. स्पर्धा मुख्य सामन्यांच्या आधीच्या आठवड्यात नेली, सोळाच जोड्या ठेवल्या, सेट आखूड केले, विजेत्यांना दहा लाख डॉलर जाहीर केले आणि एकेरीतल्या ताऱ्यांना पुढे केले. जिंकले कोण? आदल्या वर्षीचे विजेते, दुहेरीत मुरलेले इटलीचे सारा एरानी आणि आंद्रेआ वावासोरी. अंतिम फेरीत त्यांनी इगा श्वियाँतेक आणि कॅस्पर रूड यांना हरवले. तर्कशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर पूर्वपक्षाचा हेतू अनैकांतिक ठरतो. तो साध्याबरोबर राहतो तसा साध्यावाचूनही राहतो.

मग मॅकेन्रोचे काय? त्याचे उत्तर त्याच्या काळात आहे. त्या काळी गवतावरची एकेरी जाळ्याजवळ खेळली जाई. सर्व्ह करायची, त्या मागोमाग धावत पुढे यायचे आणि व्हॉलीने गुण संपवायचा, हा मॅकेन्रोचा एकेरीतलाही रोजचा रियाज होता. एडबर्गचेही तेच. एकेरी आणि दुहेरीची कौशल्ये तेव्हा बरीच एकमेकांवर बसत होती, म्हणून एकच माणूस दोन्हीकडे राज्य करू शकला. पुढे रॅकेटच्या तारा बदलल्या, पॉलिएस्टरच्या तारांनी चेंडूला जबर फिरकी देता येऊ लागली, २००१पासून विम्बल्डनने कोर्टवर केवळ राय गवत ठेवले आणि चेंडूची उसळी भरवशाची झाली. एकेरी बेसलाइनवर जाऊन बसली. दुहेरी जाळ्यापाशीच राहिली. दोन्ही खेळांतले अंतर वाढत गेले ते असे. फ्लेमिंगबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे: तो स्वतः एकेरीच्या क्रमवारीत आठव्या स्थानापर्यंत पोहोचला होता. ‘दुसरा कोणीही’ इतका सामान्य नव्हता. किर्गिऑसकडे घणाघाती सर्व्ह आणि जाळ्याजवळचे नाजूक हात होते, फेडररकडे तर दोन्ही पुरेपूर होते. ते जिंकले ते दुहेरीला लागणारे गुण त्यांच्या हातात होते म्हणून. एकेरीची कीर्ती सोबत होती, पण गुण काही कीर्तीने मिळाले नाहीत.

हे गुण कोणते, ते नीट पाहायला हवे, कारण वादाचे मूळ तिथे आहे. कोर्टची लांबी दोन्ही प्रकारांत ७८ फूट. रुंदी एकेरीत २७ फूट, दुहेरीत ३६ फूट. म्हणजे एकेरीत एका खेळाडूच्या वाट्याला २७ फूट रुंदी येते आणि दुहेरीत १८. वरवर पाहणारा म्हणतो, पळापळ कमी, म्हणून खेळ सोपा. पण मारणाऱ्याच्या बाजूने पाहा. राखायला माणसे दुप्पट झाली आणि जागा फक्त एक तृतीयांशाने वाढली. एकेरीत ज्या मोकळ्या जागेत चेंडू टाकून गुण मिळतो ती जागा इथे नसते. ती निर्माण करावी लागते. समोरचे दोघे जाळ्यापाशी उभे असतील तर चेंडू त्यांच्याकडे पोहोचायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. एकेरीतला खेळाडू पायांनी वेळ कमावतो. दुहेरीतल्या खेळाडूला तो वेळ आधीच ओळखून मिळवावा लागतो.

एकच गुण जवळून पाहू. सर्व्ह करणारा बेसलाइनवर, जवळजवळ मध्यावर उभा राहतो. त्याचा जोडीदार जाळ्यापाशी मधल्या रेषेवर गुडघे मोडून इतका खाली वाकतो की त्याचे डोके जाळ्याच्या पांढऱ्या पट्टीखाली जाते. त्याचा एक हात पाठीमागे असतो. बोटांची खूण फक्त सर्व्ह करणाऱ्याला दिसते: सर्व्ह कुठे टाक, आणि मी कोणत्या बाजूला झेपावणार आहे. याला आय-फॉर्मेशन म्हणतात. समोर परतीचा फटका मारणाऱ्याला एवढेच ठाऊक असते की खाली वाकलेला हा माणूस डावीकडे किंवा उजवीकडे जाणार आणि उरलेली अर्धी बाजू सर्व्ह करणारा सांभाळणार. सर्व्ह मधल्या रेषेजवळ, टीवर, पडली की तिरका फटका मारायला कोन उरत नाही. परतलेला चेंडू जाळ्याच्या मध्यावरूनच येण्याची शक्यता वाढते आणि झेपावलेला खेळाडू तिथे आधीच पोहोचलेला असतो. व्हॉली मारणाऱ्याला टाळ्या मिळतात. पण तो गुण सर्व्हच्या जागेने, पाठीमागच्या खुणेने आणि दोघांनी एकाच क्षणी उचललेल्या पावलाने घडलेला असतो.

परत करणाऱ्याची कलाही तितकीच वेगळी. एकेरीत वेगवान सर्व्ह कशीबशी उचलून मध्यभागी, खोल, उंच परत केली तर ती चांगली परत मानली जाते. खेळाडूला पुन्हा जागेवर यायला वेळ मिळतो. दुहेरीत हाच चेंडू म्हणजे जाळ्याजवळच्या खेळाडूला दिलेला नजराणा. इथे चेंडू जाळ्याला जवळजवळ घासून जायला हवा आणि पुढे येणाऱ्याच्या पावलांपाशी बसायला हवा, म्हणजे त्याला खालून वर खेळावे लागेल आणि आपल्या जोडीदाराला झडप घालता येईल. एकाच फटक्याचे मोल एका खेळात चांगले आणि दुसऱ्यात वाईट ठरत असेल, तर दुसरा खेळ पहिल्याचा दुय्यम अवतार कसा म्हणायचा? लॉब, पायाशी टाकलेला चेंडू, मधल्या पट्ट्यात दोघांच्या संभ्रमात सोडलेला फटका, ही सगळी भाषा एकेरीत क्वचित बोलली जाते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे इथे खेळाचे एकक माणूस नसून जोडी आहे. डावखुरा बॉब ब्रायन आणि त्याचा उजव्या हाताचा भाऊ माइक यांनी मिळून ११९ विजेतेपदे जिंकली, त्यांत १६ ग्रँडस्लॅम. ४३८ आठवडे ते दोघे मिळून क्रमवारीत अव्वल राहिले. दोघांपैकी कोणीही एकेरीत पहिल्या वीसमध्ये गेला नाही. या आकड्यांना एकेरीच्या मापात बसवायचे तर आकडेच खोटे ठरवावे लागतील.

‘उरलेसुरले खेळाडू’ हा आक्षेपही अर्धाच खरा आहे. दुहेरीला स्वतःचे गुरुकुल आहे, ते अमेरिकन महाविद्यालयीन टेनिसचे. तिथल्या सांघिक लढतीत सात गुण असतात आणि त्यातला एक दुहेरीच्या तीन सामन्यांवर ठरतो. त्यामुळे तिथल्या मुलांना दुहेरी शिकावीच लागते, रोज खेळावी लागते. ब्रायन बंधू स्टॅनफर्डचे, राजीव राम इलिनॉयचा, क्राइचेक टेक्सास ए अँड एमचा. २०२५मध्ये विम्बल्डन जिंकून १९३६नंतरची पहिली संपूर्ण ब्रिटिश विजेती जोडी ठरलेले ज्युलियन कॅश आणि लॉइड ग्लासपूल हेही अमेरिकन महाविद्यालयांतच घडले. दुहेरीतल्या खेळाडूंची वाटही हलकी नसते. २०२४चा विम्बल्डन विजेता हेन्री पॅटन काही वर्षांपूर्वी त्याच विम्बल्डनवर सामन्यांची आकडेवारी नोंदवण्याचे काम करत होता. त्याचा जोडीदार, फिनलंडचा हॅरी हेलिओवारा, एकदा टेनिस सोडून हेलसिंकीच्या विमानतळावर नोकरीला लागला होता. अंतिम सामन्यात प्रतिस्पर्ध्यांचे तीन मॅच पॉइंट वाचवून ते दोघे जिंकले. कोण कुठून आला याची चौकशी जरूर करावी. पण त्यावरून त्याने काय मिळवले याची किंमत ठरत नाही.

वयाच्या आक्षेपाला रोहन बोपण्णाचे नाव जोडले जाते. जानेवारी २०२४मध्ये, त्रेचाळीसाव्या वर्षी, त्याने एब्डनच्या साथीने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली आणि तो प्रथमच दुहेरीच्या क्रमवारीत पहिला झाला. अंतिम सामन्यात सिमोन बोलेली आणि आंद्रेआ वावासोरी यांच्याविरुद्ध पहिल्या सेटचा टायब्रेक त्यांनी ७-० असा घेतला. या वयात एकेरीचे पाच सेट खेळता येत नाहीत हे उघड आहे. दुहेरीत धावणे कमी, हेही मान्य. पण माणसाचे वय वाढते तशी डोळ्याची आणि हाताची चपळाईही घटते, आणि दुहेरी तर त्याच चपळाईवर उभी आहे. मग हा माणूस टिकला कसा? सर्व्हची ताकद होतीच. त्याखेरीज समोरच्याच्या खांद्याच्या वळणावरून चेंडूची दिशा ओळखण्याची जी विद्या वर्षानुवर्षे साचते, ती त्याच्यापाशी होती. गुडघ्यातली कूर्चा झिजल्यावर त्याने अय्यंगार योगाचा आधार घेतला, हे त्याने अनेकदा सांगितले आहे. ती पद्धत पुण्यातून जगभर गेली, याचा आपल्याला आनंद वाटायला हरकत नाही. वयाने कमी होणाऱ्या शक्तीची भरपाई वयाने वाढणाऱ्या जाणिवेने करता येते, असे खेळ थोडे आहेत. ही उणीव कशी? हा तर खेळाचा अलंकार आहे.

आता नियमांविषयी. २००५मध्ये व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने, एटीपीने, दुहेरी आखूड करण्याचा आणि एकेरीच्या खेळाडूंना झुकते माप देण्याचा घाट घातला. दुहेरीचे खेळाडू न्यायालयात गेले. तडजोड होऊन २००६पासून दौऱ्यावरच्या सामन्यांत ४०-४०ला एकच निर्णायक गुण आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक आला. तेव्हापासून ‘आता दुहेरी म्हणजे सोडत’ असे म्हटले जाऊ लागले. सोडत असती तर विजेते दरवर्षी बदलले असते. प्रत्यक्षात २००६ ते २०१४ या नऊ वर्षांपैकी आठ वर्षांची अखेर ब्रायन बंधूंनी अव्वल स्थानावर केली. नशिबाला इतकी निष्ठा नसते. उलट निर्णायक गुणाने गेमगणिक डोके शांत ठेवण्याची कसोटी आणली, आणि कोणत्या बाजूने परत करायची हे ठरवण्याचा हक्क सर्व्ह घेणाऱ्या जोडीला मिळाल्याने त्या एका गुणात डावपेचही आले.

राहिला प्रेक्षकांचा प्रश्न. लोक दुहेरी पाहत नाहीत असे सांगणाऱ्यांनी ती दाखवली किती, हेही सांगावे. सामने बाजूच्या कोर्टवर, दिवस कलल्यावर, प्रक्षेपण नाही, जोड्यांची ओळख नाही, समालोचनात आय-फॉर्मेशनचा अर्थ सांगणारा कोणी नाही. ताट वाढायचे नाही आणि पाहुणा जेवत नाही म्हणून तक्रार करायची, असा हा प्रकार आहे. जिथे वाढले तिथे लोक जेवले. २०२२मध्ये मेलबर्नला किर्गिऑस-कोकिनाकिसच्या सामन्यांना तुडुंब गर्दी झाली. तारे होते म्हणून, असे कोणी म्हणेल. मग २०१९चा विम्बल्डनचा अंतिम सामना घ्या. कोलंबियाचे युआन सेबास्तियान काबाल आणि रॉबर्ट फारा यांनी फ्रेंच जोडीला ६-७, ७-६, ७-६, ६-७, ६-३ असे हरवले. चार तास सत्तावन्न मिनिटे लागली. त्या दोघांना एकेरीत कोणी ओळखत नव्हते, तरी सेंटर कोर्टवरच्या त्या लढतीने त्यांच्या देशाला विम्बल्डनचे पहिले पुरुष दुहेरी विजेते दिले. आणखी एक साधी गोष्ट. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर किंवा पीवायसीवर संध्याकाळी फेरी मारा. पन्नाशीतली, साठीतली माणसे दुहेरीच खेळत असतात. जो खेळ बहुतेक हौशी खेळाडू स्वतः खेळतात, तोच उत्तम प्रतीचा पाहायला त्यांना आवडणार नाही, हे गृहीत धरायला काहीच आधार नाही.

शेवटी आपल्या पांघरुणाच्या आक्षेपाकडे. १९६६च्या डेव्हिस कपच्या अंतिम लढतीत भारत ऑस्ट्रेलियाकडून ४-१ असा हरला. तो एकमेव गुण दुहेरीतला होता: रामनाथन कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी जॉन न्यूकम आणि टोनी रोश यांना हरवले. ती ऑस्ट्रेलियन जोडी टेनिसच्या इतिहासातल्या सर्वोत्तम जोड्यांत गणली जाते. १९९४च्या हिरोशिमा एशियाडमध्ये लिअँडर पेसच्या साथीने दुहेरीचे सुवर्ण जिंकणारा गौरव नाटेकर आपल्या महाराष्ट्राचा. बॅडमिंटनपटू नंदू नाटेकरांचा मुलगा. १९९९मध्ये पेस आणि महेश भूपती चारही ग्रँडस्लॅमच्या अंतिम फेरीत पोहोचले आणि फ्रेंच व विम्बल्डन जिंकले. डेव्हिस कपमध्ये या जोडीने सलग चोवीस दुहेरी सामने जिंकले. तो विश्वविक्रम आहे. हेच पेस एकेरीत अटलांटा ऑलिंपिकचे कांस्यपदक घेऊन आले होते आणि १९९८मध्ये न्यू हेवनला त्यांनी पीट सॅम्प्रासला सरळ सेटमध्ये हरवले होते. यात झाकायचे काय आहे? एकेरीत भारत मागे आहे याची कारणे प्रशिक्षणात, खर्चात, देशात होणाऱ्या स्पर्धांच्या संख्येत शोधावी लागतील. दुहेरीतल्या यशाने ती कारणे निर्माण केली नाहीत, आणि ते यश पुसून टाकल्याने ती दूरही होणार नाहीत.

बालेवाडीला २०१८ ते २०२३ या काळात झालेल्या महाराष्ट्र ओपनने हे डोळ्यांसमोर दाखवले. तिथली एकेरी कोणा भारतीयाला जिंकता आली नाही. दुहेरीत मात्र २०१९मध्ये बोपण्णा आणि दिविज शरण विजेते ठरले, २०२२मध्ये बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन यांनी पहिला सेट टायब्रेकमध्ये गमावूनही शेवटचा टायब्रेक १०-६ असा घेऊन चषक मिळवला, आणि २०२३मध्ये श्रीराम बालाजी आणि जीवन नेदुंचेळियन अंतिम फेरीत पोहोचले. दुहेरीचा पसारा आवरला असता तर घरच्या प्रेक्षकांना घरचा विजेता पाहायलाच मिळाला नसता. ऋतुजा भोसलेने २०२३च्या हांगझू एशियाडमध्ये बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले. अशा मुलींना आणि मुलांना जागतिक दर्जाच्या खेळाडूंच्या शेजारी उभे राहायची संधी देणारे दार हेच आहे.

म्हणून सिद्धान्त असा. दुहेरी ही टेनिसचीच पण स्वतंत्र विद्या आहे. तिची जागा वेगळी, वेळ वेगळी, फटक्यांचे मोल वेगळे आणि खेळाचे एकक वेगळे. एकेरीची क्रमवारी तिचे मोजमाप करू शकत नाही, आणि करू पाहते तेव्हा पॅरिस आणि न्यूयॉर्कसारखी तोंडघशी पडते. यातून काय करायचे तेही स्पष्ट आहे. आयोजकांनी दिवसाचा एक तरी दुहेरी सामना मुख्य कोर्टवर, लोक जागेवर असताना ठेवावा. समालोचकांनी पाठीमागची बोटे आणि जाळ्याजवळची पावले समजावून सांगावीत. आणि आपल्या वृत्तपत्रांच्या क्रीडापानांनी दुहेरीच्या अंतिम सामन्याचा निकाल एका ओळीत उरकू नये. जोडीची दोन्ही नावे छापावीत आणि सामना कुठे फिरला ते लिहावे. एवढे दोन-तीन वर्षे नेमाने करावे आणि मग प्रेक्षक येतात की नाही याचा हिशेब मांडावा. तोवर हा खेळ कोणाला नको आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच पोहोचत नाही.